हंसा वाडकर
हंसा वाडकर (मूळ नाव : रतन भालचंद्र साळगावकर, जन्म : २४ जानेवारी १९२३, मृत्यू : २३ ऑगस्ट १९७१) या मराठी व हिंदी चित्रपटांतील अभिनेत्री होत्या. प्रभात फिल्म कंपनीचा 'संत सखू' (१९४१), राजकमल कलामंदिरचा 'लोकशाहीर रामजोशी' (१९४७) आणि अनंत माने दिग्दर्शित 'सांगत्ये ऐका' (१९५९) हे त्यांचे विशेष गाजलेले चित्रपट होत. या तिसऱ्या चित्रपटाचेच नाव त्यांनी आपल्या आत्मकथनाला दिले. त्या आत्मकथनावर श्याम बेनेगल यांनी 'भूमिका' (१९७७) हा हिंदी चित्रपट काढला. पडद्यावर त्यांनी रंगविलेल्या स्त्रिया आणि पडद्याबाहेर त्यांच्या वाट्याला आलेले आयुष्य यांतील साम्य मराठी वाचकांना या आत्मकथनामुळेच प्रथम कळले. हे साम्य जितके ठळक आहे तितकेच काही ठिकाणी ते नेमके उलटे आहे.

घराणे व बालपण

साळगावकर हे मूळचे सावंतवाडी परिसरातील कलावंतिणींचे घराणे. गाणे आणि नृत्य हा या घरातील स्त्रियांचा परंपरेने चालत आलेला व्यवसाय होता व त्यावर घराने एके काळी संपन्नताही पाहिली होती. पुढे ती ओसरली. कलावंतीण घराण्यात स्त्रीला विवाह नसे. ती मिळवती असे आणि घर तिच्या नावाने चाले. हंसा वाडकर यांच्या वडिलांनी मात्र रीतसर लग्न केले. त्यामुळे रतन ही विवाहित आईबापांची मुलगी ठरली. घराण्याची जुनी ओळख मागे टाकून चारचौघांसारखा संसार थाटण्याची ही धडपड होती आणि ती पुढे मुलीच्या मनातही खोल रुजली.

वडिलांचे दारूचे व्यसन आणि घरातील ओढगस्त यांमुळे हा संसार फार काळ सुरळीत चालला नाही. रतनचे शिक्षण अर्धवट राहिले. शिकण्याची तिला हौस होती. परंतु घर चालविण्यासाठी कोणी तरी मिळविणे भाग होते आणि अशा वेळी घरातील मोठ्यांची नजर मुलीकडे वळली. विवाहाने जी प्रथा मोडली असे वाटत होते, ती गरजेने पुन्हा उभी केली. फरक इतकाच की, आता बैठकीच्या जागी चित्रपटाचा स्टुडिओ आला होता.

चित्रपटात काम करणाऱ्या मुलीमुळे साळगावकर हे नाव चर्चेत येऊ नये असे घरच्यांना वाटत होते. म्हणून गायिका असलेल्या आत्या इंदिराबाई वाडकर यांचे आडनाव घेण्यात आले आणि रतनची हंसा वाडकर झाली. जिच्या मिळकतीवर घर चालणार होते, तिला त्या घराचे नाव लावता आले नाही.

चित्रपटसृष्टीतील प्रवेश

मामा वरेरकर यांच्या 'विजयाची लग्ने' (१९३६) या चित्रपटात हंसा वाडकर प्रथम पडद्यावर आल्या. त्या वेळी त्या जेमतेम तेरा वर्षांच्या होत्या. बोलपट सुरू होऊन पाचच वर्षे झाली होती. गाता येणाऱ्या, उच्चार स्वच्छ असलेल्या आणि कॅमेऱ्यासमोर न बुजणाऱ्या मुलींची स्टुडिओंना गरज होती व कलावंत घराण्यांतून त्या मिळत. याच काळात दुर्गा खोटे, लीला चिटणीस यांच्यासारख्या सुशिक्षित, पांढरपेशा घरांतील स्त्रियाही या व्यवसायात आल्या आणि त्यांच्या येण्याचे कौतुकमिश्रित आश्चर्य झाले. हंसा वाडकर यांच्या येण्याचे तसे काही झाले नाही. त्यांच्या घराण्यातील मुलीने हेच करावयाचे, असे समाजाने गृहीत धरले होते.

काही किरकोळ चित्रपटांनंतर त्या बॉम्बे टॉकीज या नामवंत संस्थेत गेल्या. तेथे फ्रान्झ ऑस्टेन या जर्मन दिग्दर्शकाच्या 'नवजीवन' (१९३९) या हिंदी चित्रपटात रामा शुकुल यांच्यासोबत त्यांनी नायिकेचे काम केले. देविकाराणी यांची प्रमुख भूमिका असलेल्या 'दुर्गा' (१९३९) या चित्रपटातही त्या होत्या. बॉम्बे टॉकीजमधील शिस्त, ठरावीक वेळा आणि नियमित पगार यांमुळे साळगावकरांच्या घराला स्थैर्य आले. मुलगी आता घरातील मुख्य मिळवती व्यक्ती झाली होती.

विवाह

वयाच्या पंधराव्या वर्षाच्या सुमारास त्यांचा जगन्नाथ बंदरकर यांच्याशी विवाह झाला. बंदरकर वयाने बरेच मोठे होते आणि कुटुंबाच्या जुन्या परिचयातील होते. आईचा या संबंधास विरोध होता. मुलगी लग्न करून गेली की मिळकत जाणार, हे त्यामागचे एक कारण होते. परंतु तेवढेच होते असे म्हणणे आईवर अन्याय करणारे ठरेल. स्वतःच्या संसाराची झळ सोसलेल्या त्या स्त्रीला पुढचे काही दिसत असावे.

लग्नानंतर चित्रपट सोडून घर सांभाळावे, अशी हंसा वाडकर यांची इच्छा होती. ती पुरी झाली नाही. बंदरकरांचा व्यवसाय बेताचा होता. पत्नीचे करार ठरविणे, तिचे मानधन घेणे, कोणते काम स्वीकारावयाचे याचा निर्णय करणे, ही कामे त्यांनी आपल्याकडे घेतली. पत्नीने स्टुडिओत जावे हा आग्रह त्यांचा होता आणि ती तेथे कोणाशी बोलते याचा संशयही त्यांचाच होता. आत्मकथनात या वर्षांविषयी मारहाणीचे, संशयाचे आणि गर्भपातांचे प्रसंग आले आहेत. या दांपत्याला एक मुलगी झाली. तिच्या जन्मानंतर तरी घरी राहावयास मिळेल ही आशाही फोल ठरली.

संत सखू

बॉम्बे टॉकीज सोडल्यानंतर हंसा वाडकर पुण्याला प्रभात फिल्म कंपनीत आल्या. 'संत तुकाराम' (१९३६) आणि 'संत ज्ञानेश्वर' (१९४०) यांच्या यशानंतर प्रभातने संतपटांच्या मालिकेत कऱ्हाडच्या सखूची कथा घेतली. विष्णुपंत दामले, शेख फत्तेलाल आणि राजा नेने यांनी तिचे दिग्दर्शन केले. सखूच्या भूमिकेसाठी हंसा वाडकर यांची निवड झाली. त्या वेळी त्या अठरा वर्षांच्या होत्या.

सखूची कथा महाराष्ट्रात घरोघरी ठाऊक आहे. सासू तिला छळते, उपाशी ठेवते, घरकामाला जुंपते. पंढरीला निघालेल्या वारकऱ्यांबरोबर ती जाऊ पाहते, तेव्हा तिला खांबाला बांधून ठेवतात. मग विठ्ठल स्वतः सखूचे रूप घेऊन खांबाशी उभा राहतो आणि खरी सखू पंढरपूरला जाते. तेथे तिचे देहावसान होते व रखुमाई तिला पुन्हा उठविते. प्रभातच्या चित्रपटात चमत्काराचे प्रसंग आहेतच. पण हंसा वाडकर यांच्या अभिनयाचे बळ घरातील दृश्यांत आहे. खालच्या मानेने कामे उरकणारी, बोलणी ऐकून घेणारी आणि तरीही मनाने दुसरीकडेच असलेली सून त्यांनी फार संयमाने उभी केली. रडण्याचा अतिरेक करण्याची त्या काळच्या चित्रपटांतील रीत त्यांनी बरीच टाळली.

पडद्यावरील सखू घरात कोंडली गेली होती आणि तिला बाहेर जावयाचे होते. ती भूमिका करणारी स्त्री रोज बाहेर धाडली जात होती आणि तिला घरात राहावयाचे होते. सहनशील सून म्हणून जिला प्रेक्षक हात जोडत, तिला सून म्हणून नांदावयाला घरच मिळत नव्हते. प्रेक्षकांना यातले काही ठाऊक असण्याचे कारण नव्हते. पुढे 'संत जनाबाई' (१९४९) या चित्रपटात त्यांनी नामदेवांच्या घरी राबणाऱ्या जनीची भूमिका केली. तेथेही विठ्ठल दळणकांडणाला येऊन हात लावतो. त्यांच्या या दोन्ही महत्त्वाच्या भूमिकांत स्त्रीच्या कष्टांचा वाटेकरी होणारा पुरुष देव आहे, माणूस नाही.

लोकशाहीर रामजोशी आणि तमाशापट

'लोकशाहीर रामजोशी' हा चित्रपट हंसा वाडकर यांच्या कारकिर्दीचा मध्यबिंदू मानला जातो. बाबूराव पेंटर यांनी त्याचे दिग्दर्शन सुरू केले आणि व्ही. शांताराम यांनी ते पूर्णत्वास नेले. कथालेखन व गीतलेखन ग. दि. माडगूळकर यांचे, संगीत वसंत देसाई यांचे. पेशवाईच्या उत्तरकाळातील सोलापूरचे शाहीर रामजोशी यांची भूमिका जयराम शिलेदार यांनी केली आणि बया या तमासगीर स्त्रीची भूमिका हंसा वाडकर यांनी. 'मतवाला शायर रामजोशी' या नावाने त्याची हिंदी आवृत्तीही निघाली.

ब्राह्मण घरातला कवी तमाशाच्या फडाकडे ओढला जातो व जातीबाहेर पडतो, असा या कथेचा विषय आहे. अशा कथेत नाचणारी स्त्री सहसा मोहाचे निमित्त म्हणून येते. बया तशी नाही. तिला आपल्या कलेचा अभिमान आहे, सवालजबाबात ती शाहिराच्या तोडीस तोड उभी राहते आणि त्याच्या घसरणीच्या काळात तीच त्याला सावरू पाहते. हंसा वाडकर यांनी ही भूमिका ज्या सहजतेने केली, तिच्यामागे घराण्याचा संस्कार होता हे उघड आहे. चारचौघांत मिरवू नये म्हणून जी परंपरा त्यांच्या आडनावातून काढून टाकली गेली, तिने पडद्यावर त्यांना सर्वांत मोठे यश दिले.

या चित्रपटाच्या लोकप्रियतेमुळे मराठीत तमाशापटांची लाट आली. राजा परांजपे यांच्या 'पुढचं पाऊल' (१९५०) मध्ये हंसा वाडकर आणि पु. ल. देशपांडे यांनी एकत्र काम केले. 'पाटलाचे पोर', 'मी तुळस तुझ्या अंगणी', 'नायकिणीचा सज्जा' हे त्यांचे पन्नाशीच्या दशकातील इतर काही चित्रपट. सोज्ज्वळ सून आणि फडावरची नर्तकी या दोन टोकांच्या भूमिका एकाच अभिनेत्रीकडून प्रेक्षकांनी तितक्याच विश्वासाने स्वीकाराव्यात, हे त्या काळात विरळ होते. बहुतेक अभिनेत्री यांपैकी एकाच साच्यात अडकून पडत.

मराठवाड्यातील वास्तव्य

पतीशी झालेल्या एका भांडणानंतर हंसा वाडकर घराबाहेर पडल्या आणि परिचयाच्या एका श्रीमंत जमीनदाराबरोबर मराठवाड्यातील त्याच्या गावी गेल्या. हा निर्णय पूर्वविचाराने घेतलेला नव्हता. संतापाच्या भरात, मद्याच्या अमलाखाली तो घडला, असे त्यांच्या कथनावरून दिसते. त्या गृहस्थाच्या घरी आधीच्या दोन पत्नी होत्या. तिसरी म्हणून हंसाबाई तेथे सुमारे तीन वर्षे राहिल्या.

आरंभी त्यांना हे जीवन नकोसे वाटले नाही. स्वयंपाक, सणवार, मुलांचे करणे, सवतींशी जुळवून घेणे, हे सर्व त्या मनापासून करीत. पंधराव्या वर्षापासून जो संसार मागितला होता तो, तिसरेपणाने का होईना, हाती आला होता. हळूहळू त्या घराची दुसरी बाजू ध्यानी आली. घरातील स्त्रियांना उंबरठ्याबाहेर जाण्यास मनाई होती. पत्रव्यवहार, भेटीगाठी, मुलीला भेटण्यास जाणे, सर्व बंद झाले. दहा वर्षांपूर्वी प्रभातच्या स्टुडिओत उभ्या केलेल्या सखूच्या घराची चौकट आता खरी झाली होती.

शेवटी त्यांनी चोरून पतीला पत्र पाठविले. बंदरकर पोलिसांना घेऊन आले आणि त्यांची सुटका झाली. परंतु मुंबईला परतण्यापूर्वी कागदपत्रांची पूर्तता ज्या दंडाधिकाऱ्यापुढे व्हावयाची होती, त्यानेच आपल्यावर बलात्कार केल्याचे हंसा वाडकर यांनी आत्मकथनात नोंदविले आहे. एका नामवंत अभिनेत्रीने असा प्रसंग आपल्या नावानिशी छापील पुस्तकात सांगणे ही त्या काळात अपूर्व गोष्ट होती. तो सांगताना त्यांनी सहानुभूतीची याचना केलेली नाही आणि विशेषणांचा आधारही घेतलेला नाही.

परतल्यावर संसार पूर्ववत झाला नाही. मुलगी दुरावली. ही सल त्यांच्या कथनात इतर कोणत्याही दुःखापेक्षा अधिक वेळा डोके वर काढते. मद्यपान वाढले. चित्रपटसृष्टीत त्यांच्या बेभरवशाच्या वागण्याची चर्चा होऊ लागली. कामे मिळत होती, पण पूर्वीइतकी नाहीत.

सांगत्ये ऐका (चित्रपट)

अशा काळात अनंत माने यांचा 'सांगत्ये ऐका' १९५९ साली आला. पटकथा व्यंकटेश माडगूळकर यांची, संगीत वसंत पवार यांचे. गावच्या पाटलाने केलेला अन्याय वर्षानुवर्षे दडपला जातो आणि अखेर तमाशाच्या बोर्डावरून, वगाच्या रूपाने, तो भर गावासमोर सांगितला जातो, असे या चित्रपटाचे कथासूत्र आहे. अन्यायातून जन्मलेल्या मुलीला वाढविणाऱ्या थोरल्या तमासगिरणीची भूमिका हंसा वाडकर यांनी केली. तरुण नर्तकीच्या भूमिकेत जयश्री गडकर होत्या आणि याच चित्रपटाने त्यांचे नाव महाराष्ट्रभर झाले. पुण्याच्या विजयानंद चित्रपटगृहात हा चित्रपट १३१ आठवडे चालला.

नायिकेची जागा तरुण अभिनेत्रीकडे जाणे हा व्यवसायाचा नियम आहे व हंसा वाडकर यांनी तो कुरकुर न करता मान्य केलेला दिसतो. त्यांची भूमिका मात्र दुय्यम नाही. ज्या स्त्रीच्या शब्दाला गावात किंमत नाही तिला बोलावयाचे असेल, तर फडाखेरीज दुसरी जागा नाही, ही या कथेतील गोष्ट त्यांच्या ध्यानात राहिली असावी. दशकभराने स्वतःचे आयुष्य सांगावयास बसल्यावर त्यांनी दुसरे नाव शोधले नाही.

उत्तरायुष्य

साठच्या दशकात चित्रपट कमी झाले. अखेरची काही वर्षे त्या पतीपासून वेगळ्या, एका नाट्यकलावंताच्या सोबतीने मुंबईत राहिल्या. आर्थिक ओढ होती आणि प्रकृतीही साथ देत नव्हती. २३ ऑगस्ट १९७१ रोजी, वयाच्या अठ्ठेचाळिसाव्या वर्षी त्यांचे निधन झाले. त्यानंतर सात महिन्यांनी, ३१ मार्च १९७२ रोजी, मीनाकुमारी यांचे निधन झाले. 'साहिब बीबी और गुलाम' (१९६२) मधील एकाकी, मद्याच्या आहारी गेलेली छोटी बहू आणि मीनाकुमारी यांचे स्वतःचे आयुष्य यांची तुलना तेव्हापासून आजवर होत आली आहे. हंसा वाडकर यांच्या बाबतीत अशी तुलना वृत्तपत्रांनी केली नाही. ती करण्याची सामग्री त्या स्वतःच मागे ठेवून गेल्या होत्या.

आत्मकथन

'सांगत्ये ऐका' हे आत्मकथन हंसा वाडकर यांनी सांगितले आणि अरुण साधू यांनी त्याचे शब्दांकन केले. साधू त्या वेळी तरुण पत्रकार होते. 'मुंबई दिनांक' आणि 'सिंहासन' या कादंबऱ्या त्यांनी पुढे लिहिल्या. श्री. ग. माजगावकर यांच्या 'माणूस' नियतकालिकातून या आठवणी वाचकांसमोर आल्या आणि १९७० साली राजहंस प्रकाशनाने त्या पुस्तकरूपाने प्रसिद्ध केल्या.

पुस्तक आकाराने लहान आहे. कालक्रम त्यात काटेकोर नाही. एका आठवणीतून दुसरी निघते, मध्येच वर्षे गळतात, काही माणसे नावानिशी येतात तर काही नुसतीच येऊन जातात. चित्रपटांविषयी, दिग्दर्शकांविषयी, अभिनयाच्या तंत्राविषयी अभ्यासकाला हवी तेवढी माहिती त्यात मिळत नाही. आपल्या कलेविषयी त्या जवळजवळ काहीच बोलत नाहीत, हे या पुस्तकातील खरे उणेपण आहे. त्याचे बळ दुसरीकडे आहे. मद्यपान, विवाहपूर्व व विवाहबाह्य संबंध, स्वतःचे चुकलेले निर्णय यांविषयी त्या कोणतीही सफाई देत नाहीत. छळ करणाऱ्यांवर त्या आरोप करतात, पण स्वतःला निर्दोष ठरविण्याचा खटाटोप करीत नाहीत. स्नेहप्रभा प्रधान, लीला चिटणीस, दुर्गा खोटे, शांता हुबळीकर या समकालीन अभिनेत्रींची आत्मचरित्रे यानंतरची आहेत. मराठी अभिनेत्रीने आपले खासगी आयुष्य उघडपणे सांगण्याची वाट या पुस्तकाने पाडली.

भूमिका (चित्रपट)

श्याम बेनेगल यांनी या आत्मकथनावरून 'भूमिका' काढला. गिरीश कर्नाड, पंडित सत्यदेव दुबे आणि बेनेगल यांनी पटकथा लिहिली. छायाचित्रण गोविंद निहलानी यांचे, संगीत वनराज भाटिया यांचे. नावे बदलण्यात आली. नायिकेचे नाव उषा, पतीचे केशव दळवी आणि तिला आपल्या वाड्यात ठेवणाऱ्या जमीनदाराचे विनायक काळे असे झाले. या भूमिका अनुक्रमे स्मिता पाटील, अमोल पालेकर आणि अमरीश पुरी यांनी केल्या. उषाच्या आईच्या भूमिकेत सुलभा देशपांडे होत्या. अनंत नाग आणि नसीरुद्दीन शाह यांच्याही त्यात भूमिका आहेत. जुन्या स्टुडिओंतील चित्रीकरणाचे प्रसंग चित्रपटात पुन्हा उभे केले आहेत आणि उषा पडद्यावर जे करते व घरी जे सोसते ते सतत शेजारी शेजारी ठेवले आहे. हंसा वाडकर यांनी पुस्तकात जी तुलना स्वतः कधी मांडली नाही, ती चित्रपटाच्या रचनेतच आली आहे.

या भूमिकेसाठी स्मिता पाटील यांना सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. पटकथेलाही राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. हॉलिवूडमध्ये 'सनसेट बुलेव्हार्ड' (१९५०) या चित्रपटात मूकपटांच्या काळातील विस्मृत तारका रंगविताना ग्लोरिया स्वॉन्सन यांनी स्वतःच्याच गतकाळाची छाया पडद्यावर आणली होती. हंसा वाडकर यांना आपली भूमिका करावयास तर नाहीच, पण दुसऱ्या अभिनेत्रीने केलेली पाहावयासही मिळाली नाही. पुस्तक मराठीत त्यानंतरही वाचले जात राहिले. त्याचा इंग्रजी अनुवाद २०१३ साली, मूळ पुस्तकानंतर त्रेचाळीस वर्षांनी, प्रसिद्ध झाला.